साधनशुचिता

बी.एड.ला जाण्यापूर्वी मी आमच्या गावच्या एका साप्ताहिकात नाट्यपरीक्षणे लिहीत असे. मानधन नव्हते. तिसऱ्या रांगेतला एक पास आणि मध्यंतरात एक बटाटेवडा, एवढ्या भांडवलावर मी दोन वर्षे मराठी रंगभूमीची सेवा केली. (वडा थंड असला तर तिसरा अंक मला हमखास विस्कळीत वाटे, हे आता कबूल करायला हरकत नाही.) पण परीक्षण लिहायची खोड एकदा लागली की तपकिरीसारखी सुटत नाही. लग्नाला गेलो तरी मनात वाक्य तयार व्हायचे, ‘मंगलाष्टकांचा पूर्वार्ध रेंगाळला असला तरी जिलबीने प्रयोग सावरला.’

१९८४ साली मी बी.एड.ला दाखल झालो. तेव्हा हा अभ्यासक्रम एक वर्षाचा होता. तिथे गेल्यावर मला कळले, की वर्ग हीसुद्धा एक रंगभूमीच आहे. प्रवेश, निर्गमन, संवाद, नेपथ्य, प्रकाशयोजना सगळे आहे. फरक एवढाच, की इथल्या प्रेक्षकांना उठून जाता येत नाही. आणि तिथल्या नेपथ्याला नाव होते ‘शैक्षणिक साधने’. पाठाच्या वहीत या साधनांसाठी स्वतंत्र रकाना असे. तो रिकामा ठेवणे म्हणजे श्राद्धाला भटजी न बोलावण्यासारखे होते.

नाटकातल्या नेपथ्यावर आपल्याकडे रकानेच्या रकाने लिहिले गेले. वर्गातल्या नेपथ्याचे परीक्षण मात्र कुणी मनावर घेतलेले माझ्या वाचनात नाही. चाळीस वर्षे उलटून गेल्यावर ते काम आज मी अंगावर घेतो आहे, कारण माझी भाची. ती सध्या बी.एड. करते. आता हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला आहे. (२०१५ सालापासून. आमच्या वेळी एका वर्षात जेवढे विसरायचे तेवढे आता दोन वर्षांत विसरता येते.) गेल्या महिन्यात ती घरी आली आणि चप्पल काढता काढताच म्हणाली, “मामा, उद्या माझा स्मार्ट बोर्डवर पाठ आहे. मला रडायला येतंय.”

मी तिला बसवले, चहा दिला आणि म्हटले, “रड. पण आधी माझी गोष्ट ऐक.” त्यावर तिला खरोखरच रडू आले. तुम्हाला तसे होणार नाही अशी आशा करतो आणि परीक्षणाला सुरुवात करतो.

सुरुवात अर्थातच फळ्यापासून. हा आपल्या रंगभूमीवरचा सर्वांत जुना नट. एडिंबरोच्या जेम्स पिलान्स नावाच्या हेडमास्तरांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी भूगोल शिकवताना तो वापरला, असे सांगतात. मी स्वतः भूगोलाचा असल्याने या गृहस्थांविषयी मला भाऊबंदकीची भावना आहे. फळ्याला वीज लागत नाही, किल्ली लागत नाही, आणि तो बिघडला तर काळा रंग आणून पुन्हा उभा करता येतो. त्याचा दोष एकच. त्याच्यावर लिहिताना वर्गाकडे पाठ करावी लागते. वर्गाकडे पाठ केली की वर्गात काय घडते हे आपण सगळे जाणतो, कारण ते आपणच घडवलेले असते.

आम्हाला फलकलेखन हे कौशल्य म्हणून शिकवले. पंचेचाळीस अंशांत उभे राहायचे, म्हणजे डावा डोळा मुलांवर आणि उजवा फळ्यावर. या अवस्थेत दोन महिने काढल्यावर माझा एक सहाध्यायी घरीसुद्धा तिरका चालू लागला होता.

फळ्याची धाकटी भावंडे दोन. एक गुंडाळफळा आणि दुसरा खादी फलक. गुंडाळफळा हा घरून तयारी करून आणायचा. सायकलच्या दांडीला आडवा बांधून आणताना त्यावरचा खडू माझ्या पाटलोणीवर उमटे. सह्याद्री घेऊन निघालेलो मी शाळेत पोचेपर्यंत फळ्यावर फक्त दख्खनचे पठार उरायचे. खादी फलकाची रचना मोठी कल्पक होती. फळीवर खादीचे कापड ताणून बसवायचे आणि चित्रांच्या पाठीला पॉलिशपेपरचे तुकडे चिकटवायचे. चित्र कापडावर दाबले की धरून राहते, हे तत्त्व. वर्गात पंखा नसेपर्यंत हे तत्त्व शंभर टक्के खरे आहे. माझ्या मैत्रीपूर्ण सल्ल्याकडे दुर्लक्ष करून एका सहाध्यायिनीने पंख्याखाली ‘आपले पाळीव प्राणी’ हा पाठ घेतला. पाचव्या मिनिटाला गाय, म्हैस आणि शेळी मुलांमध्ये चरत होत्या. मुलांना तो पाठ फार आवडला. तिला ‘क’ मिळाला.

आता मुख्य भूमिका. आमच्या महाविद्यालयात एक ओव्हरहेड प्रोजेक्टर होता. एकच. त्याच्यावर प्राचार्यांच्या पत्नीने भरतकाम केलेला अभ्रा होता, आणि तो एका कपाटात होता. कपाटाची किल्ली हेडक्लार्कांकडे, आणि हेडक्लार्क बहुतेक चहाला असत. जडसंग्रह नोंदवहीत त्याची नोंद होती आणि वर्षअखेरीस तो जागेवर असल्याची खातरजमा होई. यंत्र मुलांसमोर गेले तर जागेवर कसे राहणार, हा हेडक्लार्कांचा प्रश्न बिनतोड होता. त्याचा बल्ब परदेशी आहे आणि तो उडाला तर तुमच्या अनामत रकमेतून कापू, असे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगण्यात आले. त्यामुळे आमच्यापैकी निम्म्या लोकांनी या यंत्राकडे वर्षभर नुसते नमस्कार करून पाहिले.

यंत्राचा जन्म मात्र अगदीच सोवळ्यातला नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कराने ते शिकवणीसाठी वापरले, आणि त्याच्याही आसपास ते तिकडच्या बोलिंगच्या अड्ड्यांवर खेळाचे गुण दाखवायला बसवलेले असे. म्हणजे क्लबातून पलटणीत आणि पलटणीतून शाळेत, असा एखाद्या बेरकी सुभेदारासारखा त्याचा प्रवास. खाली दिवा, वर काच, काचेवर पारदर्शक कागद, त्याच्या वर दांडीला भिंग आणि आरसा. शिक्षकाने वर्गाकडे तोंड करून बसल्या जागी लिहायचे आणि अक्षरे आपल्या पाठीमागच्या पडद्यावर उमटायची. फळ्याचा जो दोष, नेमका त्याच्यावर हा उपाय होता. कागदावर हे इतके पटले की मी टाळ्या वाजवणार होतो.

प्रत्यक्षात काय होते? काचेतून वर येणारा उजेड थेट डोळ्यांत जातो. तोंड मुलांकडे असते खरे, पण दिसत एकही मूल नाही. पूर्वी मी पाठ करून आंधळा होतो, आता तोंड करून आंधळा झालो. एवढीच प्रगती.

आमचे मेथडमास्तर शिस्तीचे गृहस्थ होते. त्यांनी आमच्याकडून सूक्ष्म अध्यापन करून घेतले. ही पद्धत १९६० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात निघाली आणि आपल्याकडे येऊन तिचे मिनिटांचे वेळापत्रक झाले. सहा मिनिटे शिकवा, सहा मिनिटे टीका ऐका, बारा मिनिटे पुन्हा योजना करा, सहा मिनिटे पुन्हा शिकवा, सहा मिनिटे पुन्हा टीका ऐका. एकूण छत्तीस. नाटककारांनाही ही सोय असती तर मराठी रंगभूमीचे कल्याण झाले असते. यात मुलांचे काम आमचेच सहाध्यायी करत. त्यात दोन मुलांचे बाप असलेले, डोक्याला टक्कल पडलेले एक गृहस्थ होते. सहावीतला विद्यार्थी म्हणून उभे राहिले की ते करंगळी वर करून “सर, जाऊ?” म्हणत, आणि खरेच जात आणि परत येत नसत.

अशा वर्गासमोर मी ‘महाराष्ट्रातील नद्या’ हा घटक घेतला. या यंत्राची खरी करामत थरांत असते. पहिल्या कागदावर महाराष्ट्राची सीमा, त्यावर दुसरा ठेवला की नद्या येतात, तिसरा ठेवला की धरणे. मी तीन रात्री जागून कागद तयार केले होते. सीमा उत्तम आली. मग मी नद्यांचा कागद ठेवला, तो पालथा. क्षणात गोदावरी गोंदियाच्या बाजूने उगम पावली आणि मराठवाडा ओलांडून मुंबईकडे धावत सुटली. पाठोपाठ भीमा आणि कृष्णा. गोदावरीच्या पाण्याचा तंटा मिटवायला लवादाला अकरा-बारा वर्षे लागली, १९८० साली त्याचा निवाडा आला. मी तो एका हाताने फिरवला. टकले गृहस्थ करंगळी खाली घेऊन म्हणाले, “सर, मुंबईचा पाणीप्रश्न सुटला!” मेथडमास्तरांनी वहीत लिहिले, ‘आशयात चूक. साधन प्रभावी.’

या ‘साधन प्रभावी’ने माझा घात केला. शाळेतल्या पाठालाही मी ते यंत्र नेणार असे ठरले. पण तिथे जाण्यापूर्वी शास्त्राचा थोडा समाचार घेतला पाहिजे, कारण यंत्रांपेक्षा त्यांचे शास्त्र मला जास्त महागात पडले.

आमच्या वहीत एक शंकू होता. एडगर डेल नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी १९४६ साली दृक्‌श्राव्य अध्यापनावर ग्रंथ लिहिला, त्यातला हा अनुभवांचा शंकू. तळाशी प्रत्यक्ष केलेला अनुभव, मग नाट्यीकरण, सहली, चित्रपट, चित्रे असे चढत चढत अगदी टोकाला नुसते शब्द. इथवर ठीक होते. पण आमच्या वहीत शंकूच्या शेजारी आकडे होते. माणसाच्या लक्षात वाचलेले दहा टक्के राहते, ऐकलेले वीस, पाहिलेले तीस, पाहून ऐकलेले पन्नास, बोललेले सत्तर आणि केलेले नव्वद. आम्ही हे घोकले, परीक्षेत लिहिले, पूर्ण गुण मिळवले. पुढे नोकरीत मी स्वतः हे आकडे पालकसभेत सांगितले, आणि पालकांनी माना डोलावल्या.

निवृत्तीनंतर कळले, की डेलसाहेबांनी असे आकडे दिलेच नव्हते. त्यांचा शंकू बिनआकड्यांचा होता. आकडे नंतर कुणीतरी चिकटवले आणि ते जगभर फिरले. खरे म्हणजे मला आधीच संशय यायला हवा होता. माणसाच्या डोक्यातले काही दहा, वीस, तीस अशा गोल आकड्यांत निघते का? आमच्या वाण्याचे बिलसुद्धा निघत नाही. आणि गंमत बघा, वाचलेले दहाच टक्के लक्षात राहते हे वाक्य मी फक्त वाचले होते, आणि ते चाळीस वर्षे शंभर टक्के लक्षात राहिले!

भाचीला मी हे सांगितले तेव्हा तिचा चेहरा उतरला. म्हणाली, “मामा, हे आकडे खोटे असतील, पण आम्हाला अजून येतात परीक्षेला. लिहू की नको?” मी म्हटले, “लिही. पण लिहिताना मनात हस.” याहून मोठी क्रांती आमच्या घराण्यात कुणी केलेली नाही.

शास्त्राप्रमाणे सरकारलाही साधनांचे वेड होते, आणि त्याचा क्रम तर नाटकाच्या भाषेत थेट उलटा होता. १९७५-७६ साली आपण अमेरिकेचा उपग्रह वर्षभर उसना घेऊन सहा राज्यांतल्या चोवीसशे खेड्यांना दूरदर्शनवरून शिक्षणाचे कार्यक्रम दाखवले. १९८३ साली इन्सॅट-१बी वर गेला. १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी निघाली, ती आता बंद झाली आहे. त्याच वर्षी देशातल्या सुमारे अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो नावाचे संगणक देण्याची योजना सुरू झाली. आणि मग १९८७ साली खडू-फळा योजना आली, म्हणजे प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि फळा वगैरे आवश्यक वस्तू द्याव्यात म्हणून. आधी आकाशात उपग्रह आणि बारा वर्षांनी भिंतीवर फळा! पहिल्या अंकात सम्राटाचा राज्याभिषेक आणि तिसऱ्या अंकात त्याची मुंज, असे नाटक कुणी लिहिले तर मी त्याला कुठल्या वड्यावर माफ केले असते, सांगता येत नाही.

आमच्या सरावशाळेत दूरदर्शन संच होता. त्याला लाकडी सरकती दारे आणि कुलूप होते. तो मुख्याध्यापकांच्या खोलीत असे. शैक्षणिक कार्यक्रमाच्या वेळी वीज तरी नसे किंवा मुख्याध्यापक तरी नसत. पण १९८५ च्या मार्चमध्ये मेलबर्नला भारत-पाकिस्तान अंतिम सामना झाला, तेव्हा रविवार असूनही शाळा उघडली, कुलूप उघडले आणि शिपायापासून संस्थेच्या चिटणीसांपर्यंत सर्वांनी त्या साधनाचा परिणामकारक वापर केला.

तर तो पाठ. इयत्ता सातवी, मागच्या बाकावर मेथडमास्तर वही उघडून बसलेले. त्या वर्गाच्या बाई वीस वर्षे नोकरी झालेल्या होत्या. अक्षर असे, की फळा पुसायला मुलांचा हात धजत नसे. पाठाच्या आधी त्यांनी मला बाजूला घेऊन मायेने सांगितले, “हे बघा, शेवटून दुसऱ्या बाकावर खिडकीजवळ एक मुलगी आहे. तिला प्रश्न विचारू नका. काही येत नाही तिला. वाचताही येत नाही धड. उगाच तुमचा पाठ पडेल.” छात्राध्यापकाला ही माहिती सोन्यासारखी असते. कुठल्या मुलाला विचारायचे यापेक्षा कुणाला विचारायचे नाही, यावर ‘अ’ आणि ‘ब’ यांतले अंतर अवलंबून असते. मी तो बाक मनातून वगळून टाकला.

यंत्र शिपायाने लग्नातल्या वरासारखे उचलून आणले. पडदा म्हणून समोरच्या भिंतीवर माझ्या आईचे धुतलेले लुगडे खिळ्यांना ताणून बांधले. आणि मग लक्षात आले, की वर्गात विजेचा प्लग एकच, तो बाजूच्या भिंतीला मध्यावर, आणि यंत्राची वायर हातभर. यंत्र टेबलावर राहीना. शेवटी ते वर्गाच्या मधोमध दोन बाकांवर पाट टाकून बसवले. आता या यंत्राचा नियम असा, की पडद्यापासून ते जितके लांब, तितके चित्र मोठे. मी दिवा लावला. महाराष्ट्र लुगड्याच्या काठाबाहेर जाऊन भिंतीवर पसरला. वर रुंद आणि खाली अरुंद असा, मागून उजेड पडलेल्या उंटासारखा. पडदा खाली तिरका घेतला की हा दोष जातो, हे मला पाठ होते, पण आईचे लुगडे तिरके घेणे जमेना. मी नद्यांचा कागद ठेवला. या वेळी तो सुलटा होता, तीनदा पाहिला होता. गोदावरीतला एकेक वर्ण वीतभर उंच होऊन भिंतीवर उमटला.

मुले ‘आऽ’ करून बघत राहिली. आणि त्या शांततेत मागून एक बारीक आवाज आला. “गो... दा... व... री.” थोडे थांबून, “भी... मा.” मग, “कृष्णा. कोयना.”

शेवटून दुसरा बाक, खिडकीजवळ. कुणी विचारले नव्हते, ती आपली वाचत होती.

इथे मी काय करावे? सांगायला लाज वाटते. माझी सहा मिनिटे मागे पडली होती आणि यंत्राचा पंखा घरघरत होता. मी म्हटले, “शाब्बास, बस खाली.” आणि धरणांचा कागद ठेवला. मेथडमास्तरांचा शेरा मला आजही पाठ आहे. ‘प्रतिमा विकृत. अक्षरे प्रमाणाबाहेर मोठी. साधनाची मांडणी सदोष.’ श्रेणी ‘ब’ उणे. प्रत्येक शब्द बरोबर होता. परीक्षक म्हणून मीही तेच लिहिले असते.

रात्री आईचे लुगडे घडी घालताना माझ्या डोक्यात उजेड पडला. जिला वाचता येत नाही, तिने कोयना वाचली कशी? दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तिला तिच्याच बाकावर बसवले आणि फळ्यावर नेहमीच्या अक्षरात ‘पंचगंगा’ लिहिले. ती माझ्याकडे बघत राहिली. मग खडू आडवा धरून वीतभर अक्षरात लिहिले. ती पटकन म्हणाली, “पंचगंगा.” जणू ती नदी तिच्या घरावरूनच वाहत होती.

मी बाईंना सांगायला गेलो. मला वाटले, त्या रागावतील. त्या खुर्चीवर बसल्या आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, “तीन वर्षं मी तिला लक्ष देत नाहीस म्हणून रागावतेय. पुस्तक नाकाशी धरते म्हणून हातावर छडीसुद्धा मारलीय मी.” आणि चहा तसाच टाकून त्या सरळ तिच्या घरी गेल्या. वडील शिंपी होते. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डोळे तपासले आणि पंधरा दिवसांनी ती चष्मा लावून आली. काच बाटलीच्या बुडासारखी जाड. वर्गात शिरल्यावर तिने माझ्याकडे नीट वरपासून खालपर्यंत पाहिले आणि मोठ्या आश्चर्याने म्हणाली, “सर, तुम्हाला मिशी आहे होय!”

माझ्या मिशीचे इतके मनापासून परीक्षण त्यापूर्वी आणि त्यानंतर कुणी केलेले नाही.

आता परीक्षक म्हणून प्रश्न असा, की या प्रयोगाचे श्रेय कुणाला? यंत्राला म्हणाल तर ते नियमाप्रमाणे टेबलावर ठेवले असते, तर अक्षरे बेताची आली असती, मला ‘अ’ मिळाला असता आणि ती मुलगी आठवीतही ‘ढ’ राहिली असती. फळ्याला म्हणाल तर तो तीन वर्षे सुंदर अक्षरात तिच्यासमोर उभाच होता. मला म्हणाल तर मी ‘बस खाली’ म्हणालो. माझ्या मते श्रेय हातभर वायरीचे आहे, आणि पाठाच्या वहीत वायरीसाठी रकाना नव्हता. मुलीसाठीही नव्हता. उद्दिष्ट, साधन, प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, उपयोजन सगळ्यांना रकाने होते.

तेव्हापासून मी साधनांचे परीक्षण एकाच कसोटीवर करतो. साधनाने मुलांना काय दाखवले, हा प्रश्न सगळेच विचारतात. साधनाने मास्तराला काय दाखवले, हा माझा प्रश्न. या कसोटीवर खादी फलक चांगला उतरतो. चित्र लावायला मूल पुढे आले की त्याचे हात दिसतात, चेहरा दिसतो. कुलुपातला दूरदर्शन संच नापास, कारण तो मुख्याध्यापकांना मेलबर्न दाखवत होता. आणि ज्यांना वाटते की यंत्र आले की मास्तर गेला, त्यांनी एडिसनसाहेबांची आठवण ठेवावी. शाळेतून पुस्तके लवकरच हद्दपार होतील आणि सिनेमा ती जागा घेईल, असे ते १९१३ साली सांगून बसले. एडिसन दिव्याच्या बाबतीत मोठा माणूस, पण दिवा लावणे वेगळे आणि उजेड पडणे वेगळे.

आपल्याकडचे उदाहरण घ्या. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले आणि २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, दहा लाख डॉलरचे. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. बक्षिसाचे नाव लक्षात घ्या. ते टीचरला होते, कोडला नव्हते. (आमच्या हेडक्लार्कांनी ते कोडही कपाटात ठेवले असते, कोड झिजेल म्हणून.)

“म्हणजे मी उद्या काय करू?” भाचीने विचारले. चहा गार झाला होता, पण रडू थांबले होते. मी म्हटले, “स्मार्ट बोर्ड सुरू कर. अक्षर बोटांनी मोठं करता येतं ना? कर. आणि मग त्याच्याकडे पाठ करून दोन मिनिटं नुसती उभी राहा. मुलं बोर्डाकडे कशी बघतात ते बघ. कोण डोळे बारीक करतं, कोण शेजाऱ्याच्या वहीत बघतं. तेवढंच तुझं साधन.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. बोर्ड सुरू होताच त्याने अपडेट मागितले. ती घाबरली, पण पहिल्या बाकावरच्या मुलाने पुढे येऊन “टीचर, ‘नंतर’वर दाबा” असे सांगून पाठ वाचवला. मग ती पाठ करून उभी राहिली. डावीकडच्या दोन रांगा माना वाकड्या करून बसल्या होत्या. ती तिथे जाऊन एका बाकावर बसली, तर खिडकीचा उजेड बोर्डाच्या काचेवर असा पडत होता, की तिथून पाठाऐवजी समोरचे आंब्याचे झाड दिसत होते. जूनपासून त्या रांगा झाडच बघत होत्या, आणि कुणी बोलले नव्हते, कारण झाड छान होते. तिने ओढणी खिडकीला बांधली.

“मग शेरा काय मिळाला?” मी विचारले.

“ ‘दोन मिनिटे साधनाचा वापर नाही. खिडकीला ओढणी बांधणे शोभत नाही.’ ब उणे.”

आमच्या घराण्याची परंपरा पुढे चालू राहिलेली पाहून माझे डोळे भरून आले. मी तिला म्हटले, रविवारी ये, तुझ्या आजीचे एक जुने लुगडे अजून ट्रंकेत आहे, खिडकीला ते जास्त शोभेल.